परदेशातील ग्लायडिंग स्पर्धांत उतरणाऱ्या वैमानिकांचे मागणीपत्र

प्रति,
हवाई क्रीडा, विमान वाहतूक नियमन आणि क्रीडा अनुदान यांचा कारभार पाहणारे सर्व संबंधित अधिकारी

विषय : जागतिक ग्लायडिंग स्पर्धांसाठी सराव, परवाना, निवड आणि खर्च यांची मुदतबद्ध व्यवस्था करण्याबाबत

महोदय / महोदया,

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात ११ क्रीडाप्रकार आहेत आणि ग्लायडिंग त्यांपैकी एक आहे. २०३० पर्यंत भारताने हवाई क्रीडांत जगातील आघाडीच्या देशांत असावे, हे उद्दिष्टही त्यात आहे. ते शासनाने स्वतः ठरवलेले आहे. ते गाठायला वैमानिकाच्या हाती काय लागते, एवढेच आम्ही या पत्रात मांडत आहोत.

आमच्या सभासदांनी आजवर केलेल्या अर्जांपैकी बहुतेक नाकारले गेलेले नाहीत. ते विचाराधीन आहेत. स्पर्धा संपते, निकाल लागतो, विजेते घरी जातात, तरी आमची फाइल विचाराधीनच असते. नकार ऐकायची आमची तयारी आहे. तारीख उलटल्यावर आलेला होकार मात्र कोणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणून खालील मागण्यांना मुदती जोडल्या आहेत. कोणत्याही वर्गाची जागतिक स्पर्धा साधारण दोन वर्षांतून एकदा होते. एक मुदत चुकली की दोन वर्षे गेली, हे निर्णय घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

सुरुवात पावसापासून करावी लागेल. पुणे परिसरात ग्लायडिंगचे खरे दिवस फेब्रुवारी ते मे. जमीन तापते, थर्मल जोर धरतात, घारी गिरक्या घेत वर चढताना दिसतात आणि त्यांच्या मागोमाग आम्हीही. पूर्वी देशात ग्लायडर तयार होत तेव्हा त्यांना नक्षत्रांची नावे देत : अश्विनी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. विनोद असा की मृग लागला की आमचे उडणे थांबते आणि आर्द्रात धावपट्टीवर चिखल असतो. युरोपातील बहुतेक मोठ्या स्पर्धा मात्र जून ते ऑगस्ट याच महिन्यांत असतात. पोलंड किंवा जर्मनीचा वैमानिक आपल्या हंगामाच्या ऐन भरात स्पर्धेला येतो. आमचा वैमानिक कित्येक आठवडे कॉकपिटमध्ये न बसता तिथे पोहोचतो. ही तफावत कौशल्याची नाही, पंचांगाची आहे. ती भरून काढता येते. निवड झालेल्या प्रत्येक वैमानिकाला स्पर्धास्थळी किंवा त्याजवळ किमान १० दिवसांचा सराव मिळावा आणि तो स्पर्धेच्या मंजूर खर्चातच धरावा. सराव ही चैन आहे असे समजून तो वगळण्याची पद्धत बंद व्हावी. ज्या वर्षी ऑस्ट्रेलियात स्पर्धा असेल, त्या वर्षी हीच तरतूद डिसेंबर-जानेवारीसाठी लागू राहावी. २०२३ ची नॅरोमाइनची जागतिक स्पर्धा डिसेंबरात झाली होती.

दुसरी अडचण दोराची. हडपसरच्या धावपट्टीवर आम्ही शिकलो ते विंचवर. दोर ओढला जातो, ग्लायडर तीन-साडेतीनशे मीटरवर सुटतो, पुढचे आपले नशीब आणि ऊन. जागतिक स्पर्धेत मात्र ग्लायडर एकामागे एक रांगेत उभे असतात आणि टग विमान प्रत्येकाला ओढून साधारण ६०० मीटरवर सोडते. टगच्या मागे, त्याच्या पंख्याच्या वावटळीत, इतर चाळीस-पन्नास ग्लायडरच्या गर्दीत उडणे हे वेगळे कौशल्य आहे. विंचवर कितीही तास केले तरी ते अंगात येत नाही. वर्षातून दोनदा, प्रत्येकी सात दिवस, देशातील एका धावपट्टीवर टग विमान आणि त्यासाठी पात्र वैमानिक उपलब्ध करावा. स्वतंत्र विमान विकत घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. उड्डाण प्रशिक्षण संस्थांकडील योग्य विमानाला टो-हुक बसवून ते ठरावीक दिवसांसाठी भाड्याने घेता येईल. भाड्यातील निम्मा भार आम्ही उचलू.

तिसरी मागणी आकाशाबद्दल आहे. रौप्य बॅजसाठी ५० किलोमीटर, सुवर्णासाठी ३०० आणि हिऱ्याच्या अंतरासाठी ५०० किलोमीटर उड्डाण लागते. स्पर्धेत हे अंतर बॅजसाठी नसते, ते रोजचे काम असते. हडपसरला लागून लोहगावचे नियंत्रित आकाश आहे आणि त्यामागची कारणे आम्हाला मान्य आहेत. पण आग्नेयेला वाट आहे. हडपसर ते बारामती सरळ रेषेत ७० किलोमीटरच्या आसपास आहे आणि पलीकडच्या टोकाला धावपट्टी आहे. मार्च ते मे या काळात, शनिवार-रविवारी, दुपारी १२ ते ४.३० या वेळेत या दिशेला ठरावीक उंचीपर्यंत ग्लायडरसाठी मार्गिका खुली करावी. प्रत्येक ग्लायडरमध्ये रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि आंतरराष्ट्रीय मान्यतेचे उड्डाण नोंदयंत्र असेल, ही अट आम्ही स्वतःहून घालून घेत आहोत. बारामतीच्या प्रशिक्षण उड्डाणांशी वेळ जुळवून घेण्याची जबाबदारीही आमची. एका हंगामाच्या प्रयोगानंतर आढावा घ्यावा. नोंदयंत्रांच्या फाइली, हव्या तर प्रत्येक उड्डाणाची, आम्ही जमा करू.

शेतात उतरण्याचाही सराव हवा. थर्मल मेला की ग्लायडरला खाली यावेच लागते आणि तेव्हा धावपट्टी शोधून चालत नाही. काढणी झालेली गव्हाची शेते, एकरांचा हिशेब, विजेच्या तारा हे सारे वरून ओळखावे लागते. या मार्गिकेवरील गावांना अशा उतरण्याची पूर्वसूचना मिळावी आणि पिकाचे नुकसान झाल्यास भरपाई विम्यातून मिळावी, यासाठी एक ठरलेली पद्धत असावी. शेतकऱ्याला तालुक्याच्या कचेरीत खेटे घालायला लावू नये आणि आम्हालाही.

परवान्याचा प्रश्न कागदाचा आहे आणि म्हणूनच तो सर्वांत लवकर सुटू शकतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराच्या ३२ व्या अनुच्छेदानुसार, विमान ज्या देशात नोंदवलेले आहे त्या देशाने वैमानिकाचा परवाना दिलेला किंवा वैध ठरवलेला असावा लागतो. परदेशी ग्लायडर भाड्याने घेणाऱ्या आमच्या प्रत्येक सभासदाला ही वैधता मिळवावी लागते, आणि तिथला नियामक पहिली गोष्ट मागतो ती भारतीय परवान्याच्या पडताळणीचे पत्र. असे पत्र अर्ज आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत मिळावे. इंग्रजीत, एकाच ठरलेल्या नमुन्यात, उड्डाणाचे तास आणि लॉन्चच्या प्रकारांसह. आमच्यापैकी एकाला पत्र मिळाले, पण त्यात विंच की एरोटो (टग विमानाने ओढणे) याचा उल्लेख नव्हता. ते परत पाठवले गेले आणि दुसरे येईपर्यंत सरावाचा आठवडा संपला होता.

निवड आम्हाला उघड हवी आहे. उड्डाणाच्या परवान्याहून वेगळा असलेला क्रीडा परवाना नसेल तर जागतिक स्पर्धेत नाव घेतले जात नाही. तो कोणाला द्यायचा आणि देशाकडून कोणाला पाठवायचे, याचे निकष दर वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावेत आणि यादी १५ जानेवारीपर्यंत जाहीर करावी. निकष तासांवर, क्रॉस-कंट्री अंतरांवर आणि नोंदयंत्राच्या पुराव्यावर आधारित असावेत. नाव वगळलेल्याला लेखी कारण मिळावे. निवड समितीत किमान एक असा सदस्य असावा, ज्याने स्वतः स्पर्धेत ग्लायडर उडवले आहे.

ज्युनिअर गटाबाबत घाई आहे. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील टर्लेट येथे सुरू झालेल्या या जागतिक स्पर्धेला पंचविशीची वयोमर्यादा आहे. महिलांची जागतिक स्पर्धा २००१ पासून होते. दोन्हींसाठी स्वतंत्र जागा राखाव्यात. दोन वर्षे फाइल पडून राहिली, तर चोवीस वर्षांच्या मुलीचा अर्ज मंजूर होण्याआधीच ती अपात्र ठरलेली असते.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलू. १५ मीटर पंखांचा ग्लायडर सुटा करून ट्रेलरमध्ये बसवला तरी २० फुटी कंटेनरमध्ये मावत नाही. ४० फुटी लागतो. तो न्हावाशेव्याहून हॅम्बुर्गला पाठवणे आणि परत आणणे आम्हाला आणि तुम्हालाही परवडणारे नाही. म्हणून आम्ही क्लब वर्गात उतरू इच्छितो. त्यात जुन्या, भाड्याने सहज मिळणाऱ्या ग्लायडरना हँडिकॅपने समान पातळीवर आणले जाते आणि पाण्याचा भार घेण्याची मुभा नसते. वर्षाला तीन वैमानिक धरावेत. प्रत्येकाच्या खर्चातील निम्मा, पण जास्तीत जास्त ५ लाख रुपये, अनुदान मिळावे. या अनुदानाचा एकूण बोजा वर्षाला १५ लाखांच्या वर जाणार नाही. रकमेतील ७० टक्के स्पर्धेच्या ६० दिवस आधी आणि उरलेले ३० टक्के हिशेब सादर झाल्यावर द्यावेत.

परदेशी पैसे पाठवताना आणखी एक अडसर येतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांवरील अशा रकमेवर २० टक्के कर उगमस्थानी वसूल होतो. तो नंतर विवरणपत्रात समायोजित होतो हे खरे. पण संघाचे सगळे पैसे एकाच्या खात्यातून गेले की मर्यादा ओलांडली जाते आणि तो माणूस महिनोन्‌महिने अडकतो. मान्यताप्राप्त संघाच्या खर्चाची रक्कम संस्थेच्या खात्यातून थेट आयोजकाला जावी.

ग्लायडिंग बाहेरून एकट्याचा खेळ वाटतो, पण शेतात उतरलेल्याला ट्रेलर घेऊन आणायला जाणारा माणूस लागतो आणि आयोजकांशी बोलायला टीम कॅप्टन लागतो. संघामागे दोन सहायकांचे विमानभाडे वरील मर्यादेत न धरता वेगळे द्यावे. व्हिसासाठी अधिकृत शिफारसपत्र यादी जाहीर झाल्यापासून १० दिवसांत मिळावे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा उशिराचे कारण उरत नाही. शासकीय सेवेतील सभासदांना मान्यताप्राप्त खेळाडूंप्रमाणे विशेष रजा लागू व्हावी.

आमच्याकडून आम्ही हे देऊ. अनुदान घेतलेला प्रत्येक वैमानिक परतल्यावर एका वर्षात ४० तास नव्या प्रशिक्षणार्थींसाठी देईल. खर्चाचा हिशेब ३० दिवसांत, पावत्यांसह, सादर होईल. न वापरलेली रक्कम परत जाईल. सुरक्षेचा नियम मोडणारा सभासद पुढील निवडीसाठी आम्हीच सुचवणार नाही.

परवाना पडताळणीचा नमुना, सरावाची १० दिवसांची तरतूद आणि निवडीचे वेळापत्रक या तीन बाबींना नवा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. त्यांवर ३० दिवसांत लेखी निर्णय कळवावा. मार्गिका आणि टग विमान यांसाठी ९० दिवसांत संयुक्त बैठक बोलवावी. बैठकीला आम्ही बारामती मार्गिकेचा नकाशा, उंचीचे टप्पे आणि रेडिओ संपर्काचा मसुदा घेऊन येऊ; तो तयार आहे.

सभासदांच्या वतीने,
अध्यक्ष आणि सचिव
पुणे