निरुपयोगी तेलटाकीचे स्थलांतर : एक दुर्लक्षित जबाबदारी

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सोनाळा-टुनकीकडे सातपुड्याच्या पायथ्याची उताराची, नाल्यांनी कापलेली जमीन आहे, तर दक्षिणेस पातुर्ड्याकडून पूर्णा नदीपर्यंत भारी काळी जमीन पसरलेली आहे. विहिरींवर तेलइंजिने चालत त्या काळात पुष्कळ शेतकऱ्यांनी डिझेलच्या साठ्याची सोय करून ठेविली होती. पुढे विजेचे पंप आले. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आणि २०२४ साली राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजना सुरू झाल्यावर सौरपंपही शेतात उभे राहू लागले. तेलाची गरज सरली, परंतु लोखंडी टाकी मात्र कोठ्याच्या मागे किंवा बांधाच्या कडेला तशीच पडून राहिली. कधी जागा मोकळी करावयाची असते, तर कधी भंगाराला भाव आलेला असतो. अशा वेळी ‘रिकामीच तर आहे, छोट्या ट्रॅक्टरने ओढून टाकू’ हा विचार सहज पुढे येतो. हा विचार दोन ठिकाणी चुकतो. टाकी रिकामी नसते आणि ट्रॅक्टरची ताकद केवळ त्याच्या इंजिनात नसते.

प्रथम टाकीचा विचार करू. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल असे तपमान किमान ३५ अंश सेल्सिअस ठरविलेले आहे. वैशाखात या भागात सावलीतला पारादेखील ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हात तापलेल्या लोखंडाची गोष्ट तर निराळीच. याचा अर्थ असा, की हिवाळ्याच्या पहाटे निरुपद्रवी वाटणारी टाकी उन्हाळ्याच्या दुपारी पेट घेण्याजोग्या वाफेने भरलेली असू शकते. तेलाने काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. तळाशी थोडेसे तेल राहिलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांचे मिश्रण होते, आणि स्फोट होतो तो या मिश्रणाचा. पूर्वी पेट्रोल ठेविले असेल तर धोका सर्व ऋतूंत सारखाच. पेट्रोलची वाफ हवेहून कितीतरी जड असल्यामुळे ती तळाशी आणि आसपासच्या खोलगट जागी साचून राहते.

म्हणूनच वजन कमी करण्याच्या हेतूने टाकी तेथल्या तेथे गॅसने कापण्याचा बेत सर्वांत घातक होय. पेट्रोलियम कायदा, १९३४ आणि त्याखालील २००२ चे नियम यांमागील दृष्टी हीच आहे. टाकी वाफमुक्त झाल्याचा जाणकाराचा लेखी दाखला मिळाल्याखेरीज तीत माणूस उतरविता येत नाही आणि तिच्यावर ज्योतीचे कामही करता येत नाही. या विषयाची देखरेख करणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय विदर्भातच, नागपूर येथे आहे. टाकी साफ करण्यासाठी सडपातळ मुलाला आत उतरविण्याची कल्पनाही कोणी मनात आणू नये. आत तेलाची वाफ असतेच, शिवाय बंद टाकीत लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू खर्ची पडतो. आत गेलेल्याची शुद्ध हरपते आणि त्यास काढण्यास उतरलेल्या दुसऱ्याचाही जीव धोक्यात येतो.

आता वजनाचा हिशोब पाहू. पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३९ किलो भरते. दीड मीटर व्यासाची आणि २.८ मीटर लांबीची आडवी टाकी सुमारे ५००० लिटरची असते. तिच्या नुसत्या पत्र्याचेच वजन ६५० किलोंच्या घरात जाते. झाकण, नळ्या आणि पाय यांचे वजन वेगळे. तळाशी केवळ दहा सेंटिमीटर पाणी व गाळ उरला असेल, तर तो सुमारे १४० लिटर भरतो. हा द्रव स्थिर राहत नाही. टाकी कलली की सारा एका टोकाकडे धावतो आणि नेमक्या अडचणीच्या क्षणी तोल बदलतो.

दुसरीकडे कपाशीच्या ओळींत किंवा संत्र्याच्या बागेत चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनच आठशे ते हजार किलोंच्या आसपास असते. कोरड्या घट्ट जमिनीवर तो साधारणतः आपल्या वजनाच्या निम्म्याइतका जोर लावू शकतो. तेवढीच टाकी जमिनीवरून खरडत न्यावयाची तर तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक ओढ लागते. म्हणजे काम होईल न होईल अशा सीमेवरच ते आरंभापासून असते. त्यातच टाकीची कड काळ्या जमिनीच्या भेगेत रुतली, की ओढ एकदम वाढते.

येथे बैलांची आठवण होणे साहजिक आहे. ‘याहून जड वस्तू बैलांनी ओढल्या’ असे अनुभवी शेतकरी सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु ओझे अडले की बैल अडतो. त्यास ते खांद्यावर कळते. इंजिनास ते कळत नाही. ओझे जागचे हलत नसेल आणि साखळी मागच्या आसाच्या वर बांधली असेल, तर इंजिनाचा जोर ट्रॅक्टरची पुढची चाकेच उचलतो आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागे उलटतो. या सर्व प्रकारास दोन सेकंदही लागत नाहीत. क्लच दाबण्याचे सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. यास्तव ओढ ही नेहमी मागच्या आसाच्या खाली असलेल्या ड्रॉबारलाच लावावी. वरच्या लिंकला, आसाला किंवा बैठकीच्या चौकटीला साखळी बांधणे म्हणजे अपघातास निमंत्रण देणे होय. पुढची चाके उचलू नयेत म्हणून बॉनेटवर दोन गडी बसविण्याची रीत काही ठिकाणी दिसते. ती तर सर्वथा निषिद्ध मानली पाहिजे, कारण वजन म्हणून माणसाचा उपयोग करण्याइतके माणसाचे मोल हलके नाही.

योग्य मार्ग अवघड नाही. त्यास फक्त अर्धा दिवस अधिक लागतो. काम सकाळच्या थंड वेळी करावे. विडी-काडी दूर ठेवावी. उरलेले तेल व गाळ हातपंपाने पिंपात काढून घ्यावा आणि नाल्यात किंवा विहिरीच्या आसपास मुळीच ओतू नये. खालच्या तोंडांस घट्ट बुचे मारावीत आणि वरची वाफ जाण्याची नळी मोकळी ठेवावी. ट्रॅक्टरचा सायलेन्सर टाकीच्या तोंडाजवळ येऊ देऊ नये. जेथून टाकी न्यावयाची ती वाट आधी पायी चालून पाहावी. त्यानंतर पहारीने टाकीचे एकेक टोक थोडे उचलून प्रत्येक वेळी खाली लाकूड सारावे आणि टाकी दोन जाड ओंडक्यांच्या घसरगाडीवर पक्की बांधावी. उचललेल्या टाकीखाली कोणी हात-पाय घालू नये. टाकी गोल आहे म्हणून ती लोटत नेण्याचा मोह टाळावा. टाकी एकदा घरंगळू लागली की ती कोणाचेच ऐकत नाही.

चालकाने सर्वांत खालचा गिअर टाकावा, क्लच हळू सोडावा आणि पुढचे चाक हलके झाल्याचे जाणवताच थांबावे. धक्के देऊन ओढू नये. जेथे अडले तेथे उतरून माती मोकळी करावी. साखळी ताणली असता तिच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेली साखळी चाबकाप्रमाणे उलटते. उतारावर दोन्ही ब्रेकची पायपट्टी जोडून घ्यावी, सरळ रेषेत चालावे आणि आडवे जाऊ नये. पावसानंतर काळ्या जमिनीवर तर हे काम हातीच घेऊ नये. उंच बैठकीवरील किंवा जमिनीत पुरलेली टाकी हे छोट्या ट्रॅक्टरचे कामच नव्हे. तेथे क्रेनच बोलवावी.

क्रेनचे भाडे परवडत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खोटा नाही. कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्यास प्रत्येक रुपया मोजावा लागतो. परंतु हिशोब करावयाचा तर तो पुरा करावा. टाकी हलविण्याचा निर्णय मालक घेतो. बैठकीवर बसतो तो बहुधा रोजाने आणलेला तरुण, आणि साखळीजवळ उभे राहतात ते सालदार नि मजूर. ज्याचा लाभ त्याचा निर्णय आणि ज्याचा नाही त्याचा धोका, ही वाटणी न्यायाची नव्हे. भंगाराचे पैसे मालकाच्या घरी येणार असतील, तर सावधगिरीचा खर्चही मालकानेच सोसावयास हवा. ‘हे ओझे माझ्या ट्रॅक्टरचे नाही’ असे म्हणणाऱ्या चालकास भित्रा न म्हणता जाणकार म्हणावयास गावाने शिकले पाहिजे.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याचा येथे मोठा उपयोग आहे. बियाणे आणि खत यांची माहिती देताना त्याने गावातील पडून असलेल्या टाक्यांचीही विचारपूस करावी. कोणती टाकी ट्रॅक्टरने हलविता येईल आणि कोणती नाही, हे मालकासमवेत उभे राहून ठरवावे. तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून एकाच दिवशी क्रेन बोलाविली, तर भाडेही वाटून जाते. उन्हाळा लागण्यापूर्वी, जमीन कोरडी असताना आणि हवा थंड असताना हे काम उरकून घेणे शहाणपणाचे आहे. टाकी इतकी वर्षे पडून होती, ती आणखी आठ दिवस पडून राहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. घाईने केलेल्या कामात मात्र जे बिघडते, ते भंगाराच्या कोणत्याही भावाने भरून येत नाही.