नमुना भोपाळला, कोंबडी बाजारात

बेळगावच्या पश्चिमेस असलेल्या बेळगुंदीसारख्या गावात कोंबड्या पटापट मरू लागल्या, की मालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘मानमोडी’. हा राणीखेत रोग खेड्यापाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु बर्ड फ्लूने मरणारी कोंबडीही बरीचशी तशीच मरते. केवळ डोळ्यांनी पाहून या दोहोंतील भेद सांगणे जाणत्या पशुवैद्यालाही कठीण जाते. बेळगाव परिसरातील कोंबड्या आणि अंडी चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बाजारात येतात. तेव्हा हा भेद किती दिवसांत कळतो, या प्रश्नाशी आमच्या वाचकांचा संबंध थेट ताटापुरता तरी आहेच.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचा अनुभव विसरण्याजोगा नाही. २००६ साली तेथील कुक्कुटगृहांत मृत्यूचे थैमान सुरू झाले, तेव्हा आरंभीचे दिवस मानमोडीच्या समजुतीतच गेले. भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचे निदान केल्याचे १८ फेब्रुवारी रोजी जाहीर झाले, तोवर हजारो पक्षी मेले होते. भारतातील या रोगाची ती पहिली नोंद. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तो आढळला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी सुमारे आठशे कोंबड्या दगावल्या, तेव्हाही अखेरचा शब्द भोपाळचाच होता.

हे निदान होते तरी कसे? पक्ष्याच्या घशातून व गुदमार्गातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात आणि तो बर्फात ठेवून पाठवितात. जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत अशी, की नऊ ते अकरा दिवस उबविलेल्या अंड्यात तो नमुना टोचावयाचा, विषाणू आत वाढू द्यावयाचा आणि मग त्या अंड्यातील द्रव कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींशी मिसळून त्यांच्या गुठळ्या होतात का ते पाहावयाचे. मानमोडीचा विषाणूही अशाच गुठळ्या करतो. म्हणून विशिष्ट प्रतिद्रव्ये वापरून दोघांची ओळख पटवावी लागते. कोंबडीच्या रोगाची साक्ष अखेर कोंबडीच्या अंड्यानेच द्यावी, यात एक विलक्षण योग आहे खरा. पण त्या साक्षीस कित्येक दिवस लागतात. पीसीआर चाचणी विषाणूची जनुकीय खूण काही तासांतच शोधून काढते. जागच्या जागी पाव तासात उत्तर देणाऱ्या पट्ट्याही मिळतात. मात्र नमुन्यात विषाणू थोडा असला तर त्यांना तो दिसत नाही. पट्टी ‘नाही’ म्हणाली म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे.

म्हणजे शास्त्र तासांवर आले आहे. दिवस जातात ते प्रवासात आणि कागदांत. बेळगावहून राज्याची राजधानी बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर, आणि शेवटचा शिक्का आणखी दूर भोपाळला. पुणे त्याहून जवळ आहे, पण ते पडले दुसऱ्या राज्यात! सीमाभागातील माणसाला अशा अंतरांची सवय आहे. विषाणूला मात्र सीमावाद ठाऊक नाही.

या विलंबाचे मोल कोण देतो? शासनाची नुकसानभरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. अहवालाची वाट पाहता पाहता जे मेले, त्यांची नाही. बाधित स्थळाभोवती एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी मारावयाचे, हा नियम रोगाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसाने पहिली दहा कोंबडी मेल्यावर काय करावे? दवाखान्यात कळवावे, की उरलेली रातोरात टेम्पोत भरावीत? कोंबडे झाकून ठेवल्याने सूर्य उगवावयाचा राहत नाही, हे त्यालाही कळते. पण नियमच जर झाकणाऱ्याचा फायदा करीत असेल, तर एकट्या त्याला दोष कसा द्यावा? चाचणी कितीही सूक्ष्म असली, तरी ती प्रयोगशाळेत पोचलेल्या नमुन्याचीच होते.

आमच्या मते दोन गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. जिवंत विषाणू वाढविण्याचे काम भोपाळच्या कडेकोट बंदोबस्तातच राहावे, त्याविषयी वाद नाही. परंतु नमुन्यातील विषाणू रसायनाने निष्प्राण करून केलेल्या प्राथमिक पीसीआर चाचणीस तेवढा बंदोबस्त लागत नाही. २०२० साली करोनाच्या निमित्ताने अशी यंत्रे बेळगावातही चालली आणि गोव्यातही. माणसांसाठी जे उभे राहिले, त्याचा उपयोग पशुसंवर्धन खात्याने प्रशिक्षित माणसे नेमून का करू नये? अंतिम शिक्का भोपाळचा असो, पण पहिली सूचना दुसऱ्या दिवशी मिळाली तर घाटावरची वाहतूक वेळीच थांबविता येईल. आणि अफवेने उगाच बसणाऱ्या बाजारालाही आधार मिळेल, कारण पुरते शिजविलेले मांस व अंडी धोक्याची नसतात हे सांगणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती त्या दिवशी काहीतरी कागद असेल.

दुसरी गोष्ट पैशाची. नमुना घेतला त्या दिवशी शेडमध्ये जितके पक्षी जिवंत होते, त्यांची मोजणी करून सही-शिक्क्याची प्रत मालकाच्या हाती द्यावी आणि रोग सिद्ध झाल्यास भरपाई त्या आकड्यावर धरावी. मधल्या काळात मेलेल्यांसह. यासाठी केंद्राच्या नियमात बदल लागेल. तो मागण्यास कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तीन सरकारांनी एकदा तरी एका कागदावर सह्या कराव्यात. राकसकोपच्या जलाशयावर थंडीतले पाणपक्षी उतरण्यापूर्वी हे झाले, तर बेळगुंदीचा कोंबडीवाला पहिल्याच दिवशी पशुवैद्याच्या दारी जाईल.