बक्षिसाच्या आडून

मुंबईच्या एखाद्या धनिकाने विदेशी चलन कायद्याच्या चौकटीत राहून लंडनमधील आपले घर ब्रिटिश नागरिक झालेल्या मुलास बक्षीस दिले, तर भारताच्या तिजोरीत छदामही पडत नाही. १९५८ चा देणगी कर १९९८ साली रद्द झाला. मृत्युकर तर १९८५ सालीच गेला. वसुली तुटपुंजी हे कारण! उरलेला प्राप्तिकर अशा बक्षिसास हस्तांतरणच मानत नाही. ब्रिटन मात्र २०१५ पासून, मालक परदेशस्थ असला तरी, हे बक्षीस बाजारभावाने झालेली विक्री समजून वाढलेल्या किमतीवर कर मागते. भांडवलशाहीच्या माहेरघरी हे घडते. इकडे साबणाच्या वडीवर कर भरणाऱ्या मोलकरणीस सूट नाही. देणगी कर पुन्हा लावा. आप्तांना दिलेल्या मोठ्या मालमत्तेपासूनच आरंभ करा.