नाण्यावरील तराजू

राज्यकर्त्यांच्या सद्गुणांची ख्याति गाणारे पुष्कळ असतात. त्या सद्गुणांची परीक्षा मात्र बाजारांत होते. प्राचीन रोमच्या नाण्यांइतका याचा उघड पुरावा क्वचितच सांपडेल. तेथें भाजी, तेल, मद्य यांचा रोजचा व्यवहार पितळेच्या सेस्टर्शियस व तांब्याच्या अस या नाण्यांनीं चाले. छापखाना नसलेल्या त्या काळीं बादशहाची कीर्ति घरोघर पोंचविण्याचें काम हीं हलकीं नाणीं करीत. एका बाजूस त्याचें मस्तक, दुसऱ्या बाजूस निष्ठा, ऐक्य, न्याय्यता अशा एखाद्या गुणाची देवता. न्याय्यतेच्या हातीं तराजू व समृद्धीचें शिंग असे.

टायबेरियसाच्या नाण्यांवर क्षमा व संयम हीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्याच्याच कारकीर्दींत (इ. स. १४ ते ३७) राजद्रोहाच्या खटल्यांनीं सेनेटच्या सभासदांचीं घराणीं भयभीत झालीं होतीं. तराजूची कथा याहूनही उद्बोधक आहे. सेप्टिमियस सेव्हेरसाच्या अमदानींत चांदीच्या नाण्यांतील शुद्ध चांदी सुमारें निम्म्यावर आली. पुढें इ. स. २६८ च्या सुमारास, गॅलिएनसाच्या अखेरीस, तिचें प्रमाण शेंकडा पांचाच्याही खालीं गेलें. तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा राहिला. तथापि त्या हिणकस नाण्यावरही न्याय्यतेची देवता तराजू धरून उभीच होती! महागाई वाढत गेली, आणि इ. स. ३०१ मध्यें डायोक्लेशनानें भाव बांधून देऊन ते मोडणारास देहांताची शिक्षा फर्माविली. धातूंत केलेली लबाडी हुकमानें भरून निघाली नाहीं.

मग नाण्यांवरील सगळींच चित्रें खोटीं काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. हेड्रियनानें इ. स. ११८ मध्यें सरकारची जुनी थकबाकी माफ केली व तिचे कागद जाहीरपणें जाळविले. त्या प्रसंगाच्या पितळी सेस्टर्शियसावर देवता नाहीं. कागदांच्या ढिगास मशाल लावणारा सेवक आहे, आणि भोंवतीं माफीचा आंकडा आहे: नव्वद कोटी सेस्टर्शियस. ही केलेल्या कृत्याची नोंद आहे. आणि नोंद तपासून पाहतां येते.

सत्तेच्या वचनांत व कृतींत अंतर पडलें कीं त्याची किंमत प्रथम गरीब गिऱ्हाइकाच्या गांठीची जाते. आपले वाडवडील रुपया घेतांना त्यावरील मुद्रा पाहून थांबत नसत. तो फरशीवर वाजवून घेत. जाहीरनाम्यांतील सद्गुणांसही, ते कोणाचेही असोत, नागरिकांनीं तीच कसोटी लावावी, आणि प्रत्येक वचनाबरोबर आंकडा मागावा.