‘लागणे’ आणि सोंगाड्याचे व्याकरण

तमाशाचा विनोद द्व्यर्थी शब्दांवर, म्हणजेच अश्लीलतेच्या आडोशावर उभा असतो, असे एक सोयीचे मत मराठी समीक्षेत रूढ आहे. हे मत मांडणाऱ्यांनी नामे तपासली. क्रियापदांकडे पाहिले नाही. बतावणीतील हशा पुष्कळदा शब्दाच्या दुसऱ्या अर्थातून नव्हे, तर वाक्याच्या दुसऱ्या रचनेतून निघतो. ‘लागणे’ हे नित्याचे क्रियापद त्याची साक्ष देते.

‘त्याला भूक लागते’ या वाक्यात क्रियापद भुकेशी जुळते. माणूस चतुर्थीत राहतो. ‘तो रडू लागतो’ यात ते माणसाशी जुळते. ‘तो मामा लागतो’ यात नाते सांगितले जाते, ‘शंभर रुपये लागतात’ यात किंमत. ‘जावे लागते’ यात मात्र सक्ती आहे आणि सक्ती करणारा वाक्यात कोठेच नाही. बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात या पसाऱ्यात आणखी भर पडते : विहिरीला पाणी ‘लागते’, आणि ऊस लावण्यालाच ‘लागण’ म्हणतात. तेथील जत्रेत फडासमोर बसणारा प्रेक्षक हे सारे प्रयोग जिभेवर घेऊनच आलेला असतो.

गौळणीचा प्रसंग घ्यावा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो आणि दाण मागतो. नमुन्यादाखल मांडणी अशी करता येईल : ‘दाण द्यावं लागंल.’ मावशी विचारते, ‘किती लागंल?’ आणि लगेच, ‘पर तू आमचा कोण लागतोस?’ क्रियापद एकच, रचना तीन. निनावी सक्तीचा आधी सौदा होतो आणि मग सक्ती करणाऱ्याचा अधिकारच विचारला जातो. वगात राजा किंवा प्रधान यांच्यासमोर सोंगाडा हीच युक्ती वापरू शकतो. ‘लागणे’ला स्पर्शाचाही अर्थ आहे आणि फड त्याचा लाभ घेतो, हे मान्य करावे, पण वरील संवादात अश्लीलतेचा लवलेश नसूनही हशा येतो, याचे उत्तर प्रचलित मतापाशी नाही.

लॅटिनच्या अभ्यासकांनी असा कमीपणा मानला नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत लिहिणाऱ्या प्लॉटसच्या प्रहसनांत गुलाम, सावकार आणि कुंटिणी बोलतात. तरीही लिंडसे याने १९०७ मध्ये त्याच्या वाक्यरचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि लॉजने त्याचा शब्दकोश सिद्ध केला. ‘करणे’ या अर्थाच्या ‘फाकेरे’ या क्रियापदाचे ‘फाक्सो’ हे जुने रूप धमकीच्या वाक्यांत कसे येते, हाही तेथे गंभीर प्रश्न ठरतो.

आपल्याकडे बारामती म्हटले की मोरोपंत (१७२९–१७९४) आठवतात. पंडित कवींची भाषा व्याकरणाला प्रमाण म्हणून मानवली. त्याच मुलखातील जत्रांतली बतावणी मानवली नाही. वस्तुतः सोलापूरचे शाहीर राम जोशी आणि मोरोपंत यांचा स्नेह परंपरेनेच सांगितला आहे. आर्या आणि लावणी यांच्यामधली भिंत त्या दोघांनी नव्हे, नंतरच्या अभ्यासक्रमांनी बांधली.

तमाशाला स्थिर संहिता नसते, म्हणून असा अभ्यास अशक्य, हा आक्षेप अपेक्षित आहे. परंतु त्यातून प्रयोगांची काटेकोर नोंद करण्याची गरज सिद्ध होते, अभ्यास सोडून देण्याची नव्हे. खरी हानी संपादक करतात. ‘लागंल’चे ‘लागेल’ केले, मावशीच्या दोन प्रश्नांमधला थांबा गाळला आणि ढोलकीची थाप कंसातही नोंदवली नाही, की छापील पानावर विनोदाचा सांगाडा तेवढा उरतो. आणि तो पाहून समीक्षक निर्वाळा देतो की यात अश्लीलतेपलीकडे काही नाही.

महार, मांग, कोल्हाटी समाजांतील कलावंतांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. त्यांच्या भाषेला केवळ चावट म्हणणे म्हणजे त्यांना भाषेचा विचार करता येतो हेच नाकारणे होय. हुकमाच्या वाक्यात दडलेला कर्ता शोधून काढणारा सोंगाडा वैयाकरणाचेच काम करीत असतो. त्याच्या क्रियापदांची सूची होत नाही, तोवर मराठी वाक्यविचार अर्ध्या मराठीचाच राहील.