तोल जाण्यापूर्वी

मद्यपी म्हटला की झोकांड्या देत घरी येणारा व भांडीकुंडी फोडणारा मनुष्य आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. आपल्या घरचा कर्ता पुरुष वेळेवर कामास जातो, घरखर्चाचे पैसे हाती देतो. म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु ती अवस्था व्यसनाच्या अखेरीची होय. त्याची पहिली चिन्हे निःशब्द असतात, आणि ती सर्वांआधी घरच्या माणसांनाच दिसतात.

पूर्वी जेवढ्या दारूने गुंगी येई, तेवढीने आता काहीच होत नाही, हे पहिले चिन्ह. ‘याला चढतच नाही’ असे मित्र कौतुकाने म्हणतात. वस्तुतः शरीर त्या द्रव्यास सरावत चालल्याची ती सूचना असते. ‘फक्त शनिवारी’, ‘दोनच पेले’ असे नियम स्वतःच करून स्वतःच मोडणे, हे दुसरे. तिसरे चिन्ह निमित्ताचे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातील सुधाकर पहिला पेला घेतो तो चैनीखातर नव्हे, तर अपमानाचा विसर पडावा म्हणून. दारू जेव्हा दुःखावरचे किंवा झोपेचे औषध होते, तेव्हा सावध व्हावे. चोरून पिणे, आदल्या रात्रीचे काही न आठवणे आणि सकाळी हात कापणे ही तर त्याहून पुढची पायरी.

अमेरिकेतील डॉक्टर जॉन यूइंग यांनी १९८४ साली चार साधे प्रश्न प्रसिद्ध केले. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी त्यावरून बोलले तर राग आला का? पिण्याबद्दल मनाला टोचणी लागली का? सकाळी उठताच घ्यावीशी वाटली का? यांपैकी दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

दुर्दैवाने याच काळात घर मौन धरते. पत्नी कचेरीत ‘ताप आहे’ असे कळविते, भाऊ गुपचूप कर्ज फेडतो. हेतू अब्रू राखण्याचा असतो, परंतु त्यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून बोलावे, मात्र रात्री नव्हे, तर सकाळी, तो शुद्धीवर असताना, मुलांदेखत नव्हे, आणि ‘तू असा आहेस’ असे न म्हणता ‘काल असे घडले’ एवढेच सांगावे.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येण्याचा व भ्रम होण्याचा संभव असतो. म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. येथे बंगळुरात ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेत व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेले ‘मुक्तांगण’ मराठी कुटुंबांस परिचित आहेच. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

मधुमेहाची शंका आली की आपण रक्त तपासून घेतो. त्यात कोणास लाज वाटत नाही. हाही आजारच आहे, आणि वेळीच ओळखल्यास तो आवरता येतो.