पासवर्ड जपा म्हणतो, पण वर्गाच्या यादीचं काय?



ऑनलाइन सुरक्षिततेवर तास घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे वाक्यं तयार असतात. पासवर्ड कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, फोटो टाकू नका. सगळं बरोबरच आहे. पण पाचवीतल्या मुलाकडे जपायला पासवर्ड असतो तरी कुठे? बहुतेकांकडे स्वतःचा फोनही नसतो. त्याची माहिती बाहेर जाते ती मोठ्या माणसांच्या हातून, आणि त्यातली बरीचशी शाळेच्या कामातून. म्हणून माझं म्हणणं असं की मुलांना धडा देण्याआधी शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एकदा वरपासून खालपर्यंत बघावा.

प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म, जात. हे रजिस्टर मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात कुलपात असतं. त्यात खाडाखोड चालत नाही. नावात, जातीत दुरुस्ती करायची तर वरिष्ठांची मंजुरी लागते. जुन्या गुरुजींनी ही रजिस्टरं उंदरा-वाळवीपासून जपली, म्हणून आज नातवाच्या जात पडताळणीला आजोबांच्या दाखल्याची नक्कल मिळते. आता हेच रकाने एक्सेलमध्ये येतात. शेजारी आधार क्रमांक, बँक खातं, आयएफएससी कोड, पालकाचा मोबाईल. आणि 'सर्व पालकांनी आपल्या पाल्याची माहिती तपासून घ्यावी' असं वर लिहून ती यादी शंभर-दीडशे लोकांच्या ग्रुपवर पडते. कुलूप कपाटालाच राहिलं.

यात शिक्षकांना झोडपण्याचा हेतू नाही. हे का होतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. २०१५ मध्ये 'सरल' आलं, मग यू-डायस प्लस, आता 'अपार'चा बारा अंकी क्रमांक. त्यात संच मान्यता आधार व्हॅलिड पटावर होऊ लागली. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पण आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही तर मोजताना ते धरलं जात नाही. दोन मुलं कमी भरली की शिक्षकाचं पद अडचणीत. घाटावर काय नि घाटाखाली काय, लहान पटाच्या शाळेत ही धास्ती खरी आहे. वरून दुपारी मेसेज येतो, 'आजच माहिती सादर करावी', मग कोण एकेका पालकाकडे जाईल? ग्रुपवर टाकलं की काम होतं.

पण सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. 'अपार'साठीही पालकाचं संमतिपत्र घेतलं जातं, म्हणजे पालकाला नाही म्हणण्याची मुभा आहे. मुलाला सक्ती नाही, मग शिक्षकाचं पद मात्र त्याच क्रमांकाला बांधायचं, ही दुटप्पी व्यवस्था आहे आणि संघटनांनी तिच्यावर बोलायला हवं. पद वाचवण्याच्या घाईत माहिती सांडते, हे अधिकाऱ्यांनाही कळतं.

आता ओटीपीचं बघा. मला हा सगळ्यात मोठा धोका वाटतो, आणि त्यावर कुणी बोलत नाही. शिष्यवृत्तीची नोंदणी करायची, ओटीपी पालकाच्या मोबाईलवर जातो. पालक शेतात, नाहीतर कामासाठी पुण्या-सुरतेकडे. शाळेतून फोन जातो, "दादा, एक नंबर आला असेल, तेवढा सांगा." तो सांगतो. काम चांगलं, हेतू चांगला. पण दरवर्षी असं करून आपण त्या माणसाला काय शिकवलं? फोनवर कुणी अधिकाराने बोललं की आकडे वाचून दाखवायचे. उद्या दुसराच कुणी 'मी शाळेतून बोलतो, मुलाची स्कॉलरशिप जमा करायची आहे' म्हणाला तर तो तितक्याच विश्वासाने सांगेल. खातं रिकामं झाल्यावर "मले वाटलं सरच बोलून राह्यले" एवढंच त्याच्याकडे सांगायला उरतं. आणि यादी बाहेर गेलेली असेल तर फोन करणाऱ्याला मुलाचं नाव, वर्ग, आईचं नाव सगळं आधीच माहीत असतं. मग संशय यायला जागाच कुठे?

आईच्या नावाचंच घ्या. दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव लागतं. म्हणजे मंडळाने आईचं नाव किल्लीसारखं वापरलं आहे. आणि प्रवेशपत्रावर या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात. हौसेने त्याचा फोटो स्टेटसला ठेवला की किल्ली कुलपालाच लटकवली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तर लोक जन्मतारीखही देतात. (त्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचेच फोटो जास्त असतात हा वेगळा विषय.) मग एटीएमचा पिन म्हणून तीच तारीख ठेवायची!

पालकांनी आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी. गावातल्या ग्रुपवर 'पीएम किसान', 'चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावाच्या फाईली फिरतात आणि नावाच्या शेवटी एपीके असं असतं. ती पत्रिका नसते, ते अ‍ॅप असतं. दाबून परवानगी दिली की फोनमधले मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून उघडू नका. त्याचा फोन आधीच गेलेला असेल तर त्याच्या नावाने ती आपोआप पुढे जाते. घरात फोन बहुधा एकच, त्यावर दिवसा वडील नि संध्याकाळी मूल. ही गोष्ट मुलाला नीट समजावली तर तेच वडिलांचा हात धरेल. इथे मुलांना शिकवण्याचा खरा उपयोग आहे.

आधारबद्दल थोडं. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, अशी सूचना काढली आणि केंद्र सरकारने ती दोन दिवसांत मागे घेतली. लोक गोंधळले ते गोंधळलेच. पण त्यातली एक गोष्ट आजही उपयोगाची आहे. 'मास्क्ड आधार' नावाची प्रत डाउनलोड करता येते, तिच्यात शेवटचे चारच अंक दिसतात. फक्त ओळख पटवायची असेल तिथे हीच द्यावी. दुसरं, आधारशी जोडलेल्या खात्यातून गावातल्या केंद्रावर अंगठा लावून पैसे निघतात, त्याला ओटीपी लागत नाही. आधारच्या अ‍ॅपवरून बोटांचे ठसे लॉक करता येतात. गरज पडली की थोड्या वेळासाठी उघडायचे. पालकसभेत हे दहा मिनिटांत करून दाखवता येईल. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका उशीर तितके ते पैसे खात्याखात्यांतून पुढे जातात.

कायदाही आता आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ग्रुपवर यादी टाकताना ही संमती कुणी घेतली, असं उद्या एखाद्या पालकाने विचारलं तर?

शाळेपुरतं काय करता येईल? ज्या पालकाची माहिती तपासायची त्याला एकट्याला पाठवा. यादी टाकावीच लागली तर नाव आणि हजेरी क्रमांक पुरे. शाळा फोनवर ओटीपी कधीच विचारणार नाही, असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीत करा आणि दर्शनी फलकावर लिहा. नोंदणीसाठी पालक येतील असे दोन दिवस ठरवा. बाजाराचा दिवस धरला तर बरेच जण येतात. बाहेरगावी असलेल्यांची नोंदणी ते दिवाळीला आल्यावर करू. मुदत निघून जाते, हे खरं. त्यासाठी केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून मुदत आधीच मागावी, एकट्या मुख्याध्यापकाचं कुणी ऐकत नाही.

राहिल्या जुन्या याद्या. व्हॉट्सअ‍ॅपवर जुना मेसेज काही दिवसांनी सगळ्यांसाठी पुसता येत नाही. त्यामुळे मागच्या वर्षांचे ग्रुप बंद करणं, आपल्या फोनमधल्या आणि शाळेच्या संगणकातल्या फाईली काढणं आणि पालकांनाही तसं सांगणं, एवढंच हाती आहे. जिथे ऑनलाइनचं काम बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून करून घेतलं, तिथल्या संगणकावरही ती यादी 'नवीन फोल्डर' नावाने पडलेली असेल. या सुट्टीत तिथे एक चक्कर मारून यावी.